लाचेचा अनुभव मोजायचा कसा? राष्ट्रीय कुटुंब सर्वेक्षणाची आखणी



संशोधन पद्धतीच्या पेपरला 'नमुना निवड', 'प्रश्नावली', 'मुलाखत' हे घटक आपण सुटे सुटे पाठ करतो आणि परीक्षेत लिहून मोकळे होतो. पण हे सगळे घटक एकमेकांत कसे गुंतलेले असतात हे कळण्यासाठी एखादा अवघड विषय हातात घ्यावा लागतो. आज आपण असाच एक विषय घेणार आहोत. देशातल्या किती लोकांवर सरकारी कामासाठी लाच देण्याची वेळ येते, हे घरोघरी जाऊन कसं मोजायचं?

आधी एक नेहमीची बातमी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल आला की 'लाचखोरीत महाराष्ट्र पुन्हा आघाडीवर' असा मथळा येतो. आकडा खरा असतो. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याखाली नोंदलेल्या गुन्ह्यांत महाराष्ट्र अनेक वर्षं राज्यांमध्ये पहिला राहिला आहे. मग आपलं राज्य सगळ्यात भ्रष्ट आहे का? थोडं थांबा. गुन्हा नोंदला जातो कधी? कुणीतरी १०६४ वर फोन केला किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कार्यालयात गेला, लेखी तक्रार दिली, पडताळणी झाली आणि सापळा यशस्वी झाला, तर. म्हणजे हा आकडा लाचेबरोबरच तक्रारदाराची हिंमत आणि विभागाची तत्परताही मोजतो. ज्या राज्यात कुणी तक्रारच करत नाही, तिथला आकडा शून्याच्या जवळ असेल आणि ते राज्य यादीत स्वच्छ दिसेल. तरीही नीती आयोगाच्या शाश्वत विकास निर्देशांकात भ्रष्टाचारासाठी नोंदलेल्या गुन्ह्यांचं लोकसंख्येशी असलेलं प्रमाण वापरलं गेलं. माझ्या मते हे ताप मोजण्याऐवजी दवाखान्यातले केसपेपर मोजण्यासारखं आहे.

दुसरा मार्ग म्हणजे लोकांची किंवा तज्ज्ञांची समज विचारणं. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था १९९५ पासून जो निर्देशांक काढते आणि ज्यात भारत कितव्या क्रमांकावर आहे याची दरवर्षी चर्चा होते, तो तज्ज्ञ आणि उद्योग-व्यवसायातल्या लोकांच्या मतांवर आधारलेला आहे. त्यासाठी कुणी तुमच्या आमच्या घरी येऊन प्रश्न विचारलेला नसतो. समजेचा उपयोग नाही असं नाही. पण एखादा मोठा घोटाळा टीव्हीवर महिनाभर गाजला की समज बिघडते, मग तहसील कार्यालयात काहीही बदललेलं नसलं तरी! म्हणून तिसरा मार्ग येतो तो प्रत्यक्ष अनुभव विचारण्याचा. 'तुमच्याकडे भ्रष्टाचार आहे असं वाटतं का?' असं न विचारता 'गेल्या बारा महिन्यांत तुमच्या बाबतीत काय घडलं?' असं विचारायचं.

नायजेरियाचं उदाहरण

हा घटक समजून घेण्यासाठी मी नायजेरिया निवडला आहे. कारण तिथे एकाच पद्धतीने तीन फेऱ्या झाल्या, २०१६, २०१९ आणि २०२३ मध्ये. हे काम तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी ब्युरोने संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाबरोबर केलं. पहिल्या फेरीत ३६ राज्यं आणि राजधानी अबुजा मिळून सुमारे ३३ हजार कुटुंबांत मुलाखती झाल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये अहवाल आला. त्यातला मुख्य आकडा असा होता की वर्षभरात सरकारी अधिकाऱ्याशी संपर्क आलेल्या प्रौढांपैकी ३२.३ टक्के लोकांनी लाच दिली किंवा त्यांच्याकडे ती मागितली गेली.

हे वाक्य पुन्हा वाचा. 'संपर्क आलेल्या प्रौढांपैकी' हे तीन शब्द बातमीत बहुतेक वेळा गळून पडतात आणि मग 'तीनपैकी एक नायजेरियन लाच देतो' असं छापलं जातं. पण पहिल्या फेरीत संपर्क आलेले लोकच मुळात ५२ टक्के होते. उरलेल्या ४८ टक्के लोकांवर वर्षभरात लाच मागितली जाण्याचा प्रसंगच आला नाही. त्यांना हिशेबात धरायचं की नाही, हाच सर्वेक्षणाच्या आखणीतला पहिला निर्णय. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधला १६.५.१ हा निर्देशक याच पद्धतीने बांधलेला आहे. त्यात छेदात संपर्क आलेले लोक आणि अंशात लाच दिलेले किंवा लाच मागितली गेलेले लोक येतात.

छेद असा का? समजा दोन जिल्हे आहेत. एकात बहुतेक कामं ऑनलाइन होतात, लोक कार्यालयात क्वचितच जातात. दुसऱ्यात प्रत्येक दाखल्यासाठी चार खेटे घालावे लागतात. सगळ्या लोकसंख्येने भागलं तर पहिला जिल्हा आपोआप स्वच्छ दिसेल, मग तिथला अधिकारी समोर आलेल्या प्रत्येकाकडून पैसे घेत असला तरी. संपर्काने भागलं की अधिकारी समोर आल्यावर काय होतं ते कळतं.

प्रश्न विचारायचा कसा

'तुम्ही लाच दिली का?' असा प्रश्न लिहिणारा विद्यार्थी मला दरवर्षी भेटतो. प्रश्न सरळ आहे, पण उत्तर 'नाही' असंच येणार. एक तर 'लाच' हा शब्द आरोपाचा आहे. दुसरं म्हणजे लोक स्वतःच्या व्यवहाराला हा शब्द वापरतच नाहीत. आपल्याकडे 'चहापाणी' दिलं जातं, 'चिरीमिरी' असते, फायलीवर 'वजन' ठेवलं जातं, काम झाल्यावर 'खुशीने' पेढ्यांचा बॉक्स आणि पाकीट जातं. नायजेरियात इंग्रजी बोलताना समोरच्याला 'सेटल' केलं असं म्हणतात. म्हणून अशा सर्वेक्षणात प्रश्न साधारण असा असतो : 'अधिकृत शुल्क सोडून या अधिकाऱ्याला जास्तीचे पैसे, भेटवस्तू किंवा बदल्यात एखादं काम करून देण्याची वेळ तुमच्यावर आली का? किंवा त्यांनी तसं सुचवलं का?' यात वाक्याची रचना पाहा. 'तुम्ही दिलं का' याऐवजी 'वेळ आली का' असं आहे, त्यामुळे दोष उत्तर देणाऱ्यावर येत नाही.

'सोडून' हा शब्दही महत्त्वाचा. पुष्कळ लोकांना अधिकृत शुल्क किती हेच माहीत नसतं. आरटीओत एजंटला अडीच हजार दिले, त्यातलं शुल्क किती, एजंटचा मोबदला किती आणि टेबलाखालून किती गेलं, हे देणाऱ्याला कुठे ठाऊक असतं? त्यामुळे मध्यस्थाबद्दल वेगळा प्रश्न हवा. तो नसेल तर जिथे एजंटचं राज्य आहे तीच खाती सर्वेक्षणात निर्मळ ठरतील.

आता क्रम. आधी सगळ्या प्रकारच्या अधिकाऱ्यांची यादी वाचायची (पोलीस, महसूल कर्मचारी, सरकारी डॉक्टर, शिक्षक, वीज कर्मचारी, न्यायालयीन कर्मचारी वगैरे) आणि फक्त संपर्क आला का ते विचारायचं. संपूर्ण यादी संपल्यावरच लाचेचा भाग सुरू करायचा. 'पोलिसांशी संपर्क आला? मग पैसे मागितले? किती?' असं एकेका खात्याचं पूर्ण करत गेलात, तर तिसऱ्या खात्यापर्यंत उत्तर देणाऱ्याच्या लक्षात येतं की 'हो' म्हटलं की दहा प्रश्न वाढतात. घरात कुकरची शिट्टी झालेली असते, मग तो पुढच्या सगळ्या खात्यांना 'नाही' म्हणून टाकतो. अशाने छेदच बिघडतो, आणि छेद बिघडला की पुढचं सगळं गणित वाया.

कालावधीचंही तसंच. बारा महिने म्हटले तरी मोठा, त्रासदायक प्रसंग माणसाला 'आत्ताच तर झाला' असा वाटतो आणि दोन वर्षांपूर्वीची लाच या वर्षात येऊन बसते. उलट शंभर-दोनशे रुपये विसरले जातात. यावर उपाय म्हणजे 'गेल्या दिवाळीपासून' अशी सगळ्यांना आठवणारी खूण देणं आणि रक्कम, कारण, कुणी मागितली असे तपशील फक्त शेवटच्या प्रसंगाबद्दल विचारणं.

विचारायचं कुणाला, आणि कुणासमोर

सर्वेक्षणाला 'कुटुंब सर्वेक्षण' म्हणतात, पण प्रश्न व्यक्तीच्या अनुभवाचा आहे. दार उघडणाऱ्याला किंवा कुटुंबप्रमुखालाच विचारत गेलात तर वयस्कर पुरुष जास्त येतील. प्रसूतीसाठी सरकारी रुग्णालयात गेलेल्या सुनेचा अनुभव सासऱ्यांकडून मिळणार नाही. म्हणून घरातल्या सगळ्या प्रौढांची यादी करून त्यातून एकाची निवड यादृच्छिक पद्धतीने करायची. यासाठी लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेला तक्ता आजही शिकवला जातो. निवडलेली व्यक्ती घरी नसेल तर पुन्हा जायचं. शेजारच्या घरातून 'उपलब्ध' माणूस घ्यायचा नाही. प्रगणकाला हे कंटाळवाणं वाटतं, पण कामासाठी बाहेर असणारी माणसंच कार्यालयांचे खेटे घालत असतात. त्यांना गाळलं की लाचेचा आकडा खाली येतो.

आणि मुलाखत एकांतात. आपल्या खेड्यांत हे किती अवघड आहे ते तुम्हाला सांगायला नको. प्रगणक ओट्यावर बसला की चार जण जमतात, त्यात कुणी ग्रामपंचायत सदस्य असतो, कुणी तलाठ्याचा मित्र. त्यांच्यासमोर कोण खरं बोलेल?

भीतीला कायद्याचीही बाजू आहे. भारतात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली तर सूट मिळते. म्हणजे आपल्या प्रश्नाला 'हो' म्हणणारा माणूस एका अर्थाने गुन्ह्याची कबुली देत असतो. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्यात माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन आहे हे खरं, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला ते कसं पटवणार? ओळखपत्र, आधी पाठवलेलं पत्र, नाव वेगळ्या कागदावर आणि उत्तरं वेगळी, प्रगणक त्याच गावचा नसणं, अशा साध्या गोष्टींनीच विश्वास येतो.

इथे एक गंमतशीर पद्धत सांगतो. १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी यादृच्छिक उत्तराची कल्पना मांडली. तिचं एक सोपं रूप असं : उत्तर देणाऱ्याने नाणं लपवून उडवायचं. छापा आला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा आला तर खरं उत्तर द्यायचं. प्रगणकाला नाणं दिसत नाही, त्यामुळे 'हो' म्हणणाऱ्याने लाच दिली की छापा पडला हे कुणालाच कळत नाही. आता १००० जणांपैकी ६४० जण 'हो' म्हणाले असं धरा. त्यातले सुमारे ५०० छाप्याचे. उरलेले १४० हे काटा आलेल्या ५०० पैकी, म्हणजे प्रमाण २८ टक्के. छान आहे ना? पण याची किंमत मोजावी लागते. अर्धी उत्तरं वाया जातात, अचूकता घटते, आणि लाच कुणी दिली हेच माहीत नसल्यामुळे 'कोणाला दिली, किती दिली' असे पुढचे प्रश्न विचारता येत नाहीत. म्हणून पूर्वचाचणीत, साध्या प्रश्नाच्या उत्तरांत किती दडवादडवी होते ते तपासायला ही पद्धत चांगली. मुख्य सर्वेक्षणात सरळ प्रश्नच बरे.

३३ हजार कुटुंबं कशाला?

निवडणुकीच्या मतचाचण्या दीड-दोन हजारांत उरकतात, मग इथे एवढा खर्च का? कारण प्रत्येक राज्याचा आकडा हवा होता. ३३ हजार भागिले ३७ म्हणजे राज्याला सुमारे ९००. त्यातले संपर्क आलेले साधारण निम्मे, ४७० धरा. प्रमाण ३० टक्के असेल तर नमुनाचूक अधिक-उणे ४ टक्क्यांच्या आसपास येते. शिवाय घरं गावागावांत गटाने निवडलेली असतात आणि एका गावातल्या लोकांचा तलाठी एकच असतो! त्यामुळे चूक वाढते, ६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे ३० टक्क्यांचं राज्य खरं तर २४ ते ३६ मध्ये कुठेही असू शकतं. २७ टक्के आणि ३३ टक्के अशी दोन राज्यं असतील तर त्यांना खालीवर लावून 'सर्वांत भ्रष्ट राज्य' असा मथळा करणं चुकीचं आहे. हे गणित माझं आहे, ढोबळ आहे, पण वहीत करून पाहा.

खात्यांबाबत तर जास्तच काळजी हवी. पहिल्या फेरीत पोलिसांशी संपर्क आलेल्यांपैकी ४६.४ टक्के लोकांना लाचेचा अनुभव आला होता. नायजेरियाच्या पोलीस दलाने तो अहवाल जाहीरपणे फेटाळला. अशा वेळी सर्वेक्षण करणाऱ्याजवळ बचावासाठी काय असतं? नमुना कसा निवडला, प्रश्न काय होता, छेदात कोण होतं, हे सगळं लिहून ठेवलेलं असतं, एवढंच. पोलिसांशी पुष्कळ लोकांचा संबंध येतो, त्यामुळे तो आकडा भक्कम उभा राहतो. न्यायाधीशांशी संबंध आलेली माणसं नमुन्यात थोडीच असतात, तिथे टक्केवारी छापताना नमुनाचूक शेजारी छापलीच पाहिजे.

तोच नियम पैशांच्या एकूण रकमेला. 'देशात इतके कोटी रुपये लाचेत गेले' हा आकडा सगळ्यांना आवडतो. भारतात २००५ च्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल इंडियाच्या अभ्यासातला २१,०६८ कोटींचा आकडा असाच गाजला होता. पण ही रकम सरासरी लाच, किती वेळा आणि किती लोक यांच्या गुणाकारातून येते. दोन-चार जणांनी लाखांची रक्कम सांगितली की सरासरी उडी मारते. अशा ठिकाणी मध्यक शेजारी द्यावा.

आकडा घटला म्हणजे काय झालं?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. २०१९ च्या दुसऱ्या फेरीत प्रमाण ३२.३ वरून ३०.२ टक्क्यांवर आलं. सुधारणा झाली म्हणायची? पण त्याच अहवालात वर्षभरात दिल्या गेलेल्या लाचांची एकूण संख्या ८ कोटी २३ लाखांवरून ११ कोटी ७० लाखांवर गेली होती! दोन्ही आकडे एकाच सर्वेक्षणातले. कुणीतरी खोटं बोलतंय का?

नाही. या काळात संपर्क आलेल्या लोकांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं. शंभर प्रौढ डोळ्यांसमोर आणा. २०१६ मध्ये ५२ जण कार्यालयात गेले, त्यांच्या ३२.३ टक्के म्हणजे जवळपास १७ जणांना लाचेचा अनुभव आला. २०१९ मध्ये ६३ गेले, त्यांच्या ३०.२ टक्के म्हणजे १९. समोर आलेल्या माणसाकडे लाच मागण्याचं प्रमाण थोडं कमी झालं, पण समोर येणारी माणसं वाढली. लाचांच्या संख्येतली सगळी वाढ या एका गोष्टीने समजत नाही, प्रौढांची संख्या आणि एकेकाने किती वेळा दिली हेही त्यात आहे. (पहिल्या फेरीत लाच देणाऱ्याने वर्षात सरासरी ५.८ वेळा दिली होती.) तरी दिशा समजायला शंभर माणसांचं गणित पुरेसं आहे. सरकारी प्रवक्ता पहिला आकडा वाचेल, विरोधक दुसरा. संपर्काचं प्रमाण छापलेलंच नसतं तर तुम्हाला दोघांपैकी कुणालाच तपासता आलं नसतं.

'लाच दिली किंवा मागितली गेली' या व्याख्येचं महत्त्वही इथेच कळतं. २०२३ च्या फेरीत ज्यांच्याकडे लाच मागितली गेली त्यांच्यापैकी ७० टक्के लोकांनी किमान एकदा तरी ती नाकारली होती. फक्त 'दिली का' एवढंच विचारलं असतं तर लोकांची ही हिंमत अधिकाऱ्यांच्या प्रामाणिकपणाच्या खात्यात जमा झाली असती. आणि नाकारल्यावर त्यांचं काम झालं का, की फाइल अडकून पडली, हा प्रश्न तर आवर्जून विचारायला हवा.

एक गट मात्र या सगळ्यातून निसटतो. पैसे मागतील म्हणून जे कार्यालयात गेलेच नाहीत ते. वारस नोंद राहिली, दाखला काढला नाही, विधवा पेन्शनचा अर्ज केला नाही. संपर्क नाही, म्हणून ते छेदात नाहीत, अंशातही नाहीत. सगळ्यात गरीब माणसाची लाच अशी अदृश्य राहते. मी प्रश्नावली तयार केली तर संपर्काच्या यादीनंतर एक प्रश्न नक्की घालेन : 'एखादं काम असूनही तुम्ही गेला नाहीत असं झालं का? का?' उत्तरं वेगळी मोजावीत, मुख्य प्रमाणात मिसळू नयेत, नाहीतर दोन फेऱ्यांची तुलना करता येणार नाही. मोठ्या कंत्राटांतला, बदल्यांतला भ्रष्टाचार मात्र घरोघरी विचारून कधीच सापडणार नाही. त्यासाठी ही पद्धतच नाही.

सरावासाठी

१) नायजेरियाच्या २०२३ च्या फेरीत संपर्क आलेले प्रौढ ५६ टक्के आणि त्यांच्यातलं लाचेचं प्रमाण सुमारे २७ टक्के होतं. शंभर प्रौढांमागे किती जण येतात ते काढा आणि वरच्या १७ व १९ शी ताडून पाहा. (उत्तर : साधारण १५.) घट कशामुळे झाली, संपर्क कमी झाल्यामुळे की प्रमाण कमी झाल्यामुळे? दोन्ही वेगळे करून दाखवा.

२) २०१६ मध्ये लाच दिलेल्यांपैकी केवळ ३.७ टक्के लोकांनी अधिकृत तक्रार केली होती. यावरून नोंदलेल्या गुन्ह्यांवर आधारलेल्या राज्यांच्या क्रमवारीबद्दल दहा ओळी लिहा.

३) 'सातबाऱ्यावर फेरफार नोंदवून घेणे' या एकाच कामासाठी पाच प्रश्नांची प्रश्नावली तयार करा. 'लाच' आणि 'भ्रष्टाचार' हे शब्द वापरायचे नाहीत. घरातल्या दोन मोठ्या माणसांना स्वतंत्रपणे विचारून पाहा. कोणत्या प्रश्नावर ते अडखळले ते लिहून आणा, पुढच्या तासाला त्यावरच बोलू.